वाळूच्या टेकूने बसलेलं बाळ

ग्रूटफॉन्टेन शहर मागे पडलं की त्सुमक्वे गावापर्यंत खडीचा सरळसोट रस्ता. नामिबियाच्या या ईशान्य कोपऱ्यात, न्याय न्याय भागात, शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेल्या जुहोआन्सी सान लोकांच्या छोट्या छोट्या वस्त्या आहेत. मला तिथली लहान मुलं कशी वाढतात ते पाहायचं होतं.

वस्तीत शिरताच एका आजीने लक्ष वेधून घेतलं. पाच-सहा महिन्यांच्या नातवाला तिने वाळूत बसवलं होतं आणि त्याच्या कमरेभोवती, पाठीमागे वाळूचा ढीग रचून टेकू दिला होता. बाळ एका बाजूला कललं की ती त्या बाजूची वाळू थापटायची. दुभाष्यामार्फत विचारलं, तर म्हणाली, "बसवल्याशिवाय बसायला शिकेल कसं?"

आई शेजारीच मोंगोंगो झाडाच्या बिया फोडत होती. बाळ कुरकुरलं, तिने हातातला दगड ठेवला, त्याला छातीशी घेतलं. दोन मिनिटांत ते पुन्हा वाळूत. तासाभरात असं कितीदा तरी झालं. 'आत्ताच तर पाजलंय' हे वाक्य कुणाच्या तोंडी आलं नाही. फिरायला निघाली तेव्हा बाळ झोळीत कुशीला, तोंडाशी स्तन आणि हाताशी गळ्यातल्या मण्यांच्या माळा.

मेल्विन कॉनर या मानववंशशास्त्रज्ञाने १९६९पासून सीमेपलीकडे, बोट्स्वानातल्या जुहोआन्सींमध्ये नेमकं हेच टिपून ठेवलं. त्याने आणि कॅरल वर्थमनने १९८०मध्ये मांडलं की तासातून अनेकदा पाजल्याने आईची पुढची गर्भधारणा लांबते. दोन बाळंतपणांत साधारण ४४ महिन्यांचं अंतर पडायचं, तेही कुठल्याही औषधाविना. जुहोआन्सी बाळंही रडतात, पाश्चात्त्य बाळांइतक्याच वेळा, पण त्यांचं रडणं लवकर थांबतं, हे १९९१च्या एका अभ्यासात दिसलं. समोरचं दृश्य पाहून मला त्याचं जराही नवल वाटलं नाही. आईचे हात गुंतलेले असले की मावशी, आजी, दहा वर्षांची बहीण, कुणीतरी उचलतंच.

पण याला स्वर्ग म्हणायला मी तयार नाही. त्या जुन्या काळात जन्मलेल्या पाचांपैकी एक मूल वर्षाच्या आत दगावत असे. आज शिकार-कंदमुळांबरोबर मक्याचं पीठ आलंय, लसही आलीय. दुसऱ्या दिवशी आम्ही त्सुमक्वेला परतणार म्हणताच त्या आईने दुभाष्याला विचारलं, "दवाखान्यापर्यंत सोडाल का?" बाळाची लस राहिली होती. सकाळी ती निघाली, सोबत आजीही. झोळी आळीपाळीने दोघींच्या खांद्यावर.