खणाच्या कानातल्यांसाठी ॲक्रिलिकचे स्टँड: माझा अनुभव

गेली चार वर्षे मी पुण्यात घरच्या घरी खणाचे दागिने करते आणि संक्रांत, चैत्र व दिवाळीच्या प्रदर्शनांत मांडते. सुरुवातीला कानातली मखमल लावलेल्या पुठ्ठ्यावर टाचून टेबलावर आडवी ठेवत असे. पण खणाचे सगळे रूप त्याच्या चमकेत आणि बारीक बुट्टीत असते, आणि आडव्या ठेवलेल्या कापडावर वरून ट्यूबलाइटचा उजेड पडला की नेमकी ती बुट्टीच दिसेनाशी होते. कानातले कानात लोंबते तसेच गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे, असे मला फार वाटत होते. बाजारात तयार मिळालेले स्टँड चिकटवलेले, अखंड होते, आणि तसले आठ स्टँड स्कूटरवरून न्यायचे म्हणजे एखादा तरी मोडणारच. म्हणून आपल्या मापाचे, सुटे करून सपाट रचता येतील असे स्टँड करून घ्यायचे ठरवले.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा केला. पाठ 30 सेंमी रुंद आणि 24 सेंमी उंच, खाली दोन पाय, आणि सगळी जोडणी खाचेत खाच अडकवून. पाठ काटकोनात उभी केली तर पंखा लागताच कानातली डुलत राहत. ती साधारण 12 अंश मागे कलवल्यावर कानातली पाठीला टेकून स्थिर राहिली. या खटपटीत दोन संध्याकाळी गेल्या, पण त्या अजिबात वाया गेल्या नाहीत, कारण पायांची लांबी आणि कानातल्यांच्या दोन जोड्यांमधले अंतर पुठ्ठ्यावरच ठरले.

दुकानांचे बोर्ड करून देणाऱ्या एका दादांकडे लेझर कटिंगचे मशीन आहे. त्यांनी फाइल कोरल ड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागितली आणि अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषाकृतींत, बदलून आणायला सांगितले, नाहीतर त्यांच्या संगणकावर माझा फॉन्ट बदलला असता. ॲक्रिलिकचे शीट कास्ट (साच्यात ओतून केलेले) घ्यायचे की एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेले), हा प्रश्नही त्यांनीच विचारला. एक्सट्रूडेड स्वस्त असते, पण त्यावर लेझरने कोरलेले नाव नीट उठत नाही. कास्टवर ते पांढरे, दुधी उमटते. मला पाठीवर माझे नाव कोरून हवे होते, त्यामुळे मी 3 मिमीचे कास्ट शीट घेतले.

पहिला स्टँड हातात आला आणि दोन चुका लगेच कळल्या. माझा पुठ्ठा जेमतेम 1 मिमीचा होता, त्यामुळे कानातले अडकवायला पाठीत पाडलेल्या 2 मिमीच्या भोकातून त्याचा हूक सहज जात होता. 3 मिमी जाड ॲक्रिलिकमध्ये मात्र हुकाचा बाक मधेच अडकू लागला. ती भोके 4 मिमीची करावी लागली. दुसरी चूक खाचांची. शीट 3 मिमीचे म्हणून खाचा 3 मिमीच्या आखल्या होत्या. व्हर्निअर (जाडी मोजायचे साधन) लावून पाहिले तर शीट प्रत्यक्षात 2.7 मिमी भरले, शिवाय लेझर कापताना थोडे ॲक्रिलिक खाते, ते वेगळेच. पाठ पायांत लडबडत होती. तेव्हा दादांनी त्याच शीटच्या कतरणीवर 2.4 पासून 2.9 मिमीपर्यंत, दर वेळी 0.1 मिमीने वाढवत, सहा खाचा कापून दिल्या. त्यांत एकेक करून तुकडा बसवून पाहिला. 2.4 आणि 2.5 मध्ये तो शिरेना, 2.7 पासून पुढे तो हलू लागला, आणि 2.6 च्या खाचेत अंगठ्याने दाबताच घट्ट बसला. तेच माप फाइलमध्ये घातले. नवे शीट आणले की अशी पट्टी आधी कापून घ्यावी, कारण कास्ट शीटची जाडी शीटगणिक थोडी बदलते.

खरे वाईट वाटले ते पुढे. आठही स्टँड तयार झाल्यावर वरचा संरक्षक कागद सोलला, त्याचा चिकटा जायला मी स्पिरिटने सगळे लख्ख पुसले आणि जोडून ठेवले. सकाळी पाहते तर पाच स्टँडच्या खाचांच्या कोपऱ्यांतून केसाएवढ्या भेगा आत गेलेल्या. लेझरच्या उष्णतेने कापलेल्या कडेत ताण राहिलेला असतो, घट्ट बसवलेल्या खाचेचा ताण त्यात भर घालतो, आणि अशा कडेला स्पिरिट लागले की ॲक्रिलिक तडकते. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते, म्हणूनच येथे सविस्तर लिहीत आहे. ते पाच पुन्हा कापून घेतले, या वेळी खाचांचे आतले कोपरे टोकदार न ठेवता किंचित गोल करून. आता स्टँड सौम्य साबणाच्या पाण्याने धुते आणि मऊ कापडाने टिपते. काच पुसण्याचा स्प्रे आणि सॅनिटायझर मी त्यांच्या जवळपासही येऊ देत नाही. कोरड्या फडक्याने घासले तर चरे पडतात आणि धूळही जास्त ओढली जाते.

वाया गेलेले धरून स्टँडमागे सुमारे 340 रुपये पडले. दिवाळीच्या प्रदर्शनात बायका आता स्टँडवरूनच जोडी काढून कानाजवळ धरून पाहतात. कुड्यांसाठी मात्र ही रचना चालत नाही, कारण पाठीच्या जाडीतून जेमतेम बाहेर आलेल्या दांडीवर फिरकी लावणे-काढणे किचकट होते. त्यांच्यासाठी कुड्या लावलेले कार्ड उभे राहील अशी खाचेची पायरी सध्या पुठ्ठ्यावर आखते आहे.