आमची वाटचाल: अर्धवट ॲप घेऊन गावोगाव

२०१२ साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी मोबाईल ॲप बनवणारी कंपनी सुरू केली. पहिल्या महिन्यात कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ फोन कानाला लावून अक्षरं टिपून घेण्यात गेला.

काम पुण्याच्या एका बिल्डरचं होतं. फ्लॅट घेतलेल्यांना बांधकामाचे फोटो आयफोनवर दिसावेत, एवढंच. पण ॲप स्टोअरवर जाण्याआधी त्यांच्या लोकांना ते वापरून बघायचं होतं, आणि त्यासाठी प्रत्येक आयफोनचा यूडीआयडी, म्हणजे त्या एका फोनचा ओळख क्रमांक, लागायचा. ४० अक्षरांचा. फोन संगणकाला जोडा, ॲपलचं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर उघडा, सीरियल नंबरवर क्लिक करा, मग तो दिसणार. त्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं, म्हणून कुणी ‘ओ’ म्हणालं की आम्ही गुपचूप शून्य लिहायचो. पण बी, सी, डी, ई हे चारही फोनवर सारखेच ऐकू येतात. शेवटी ‘बी बिब्ब्याचा, डी डिंकाचा’ सुरू केलं. एक अक्षर चुकलं की ॲप त्या फोनवर चढायचंच नाही. शिवाय ॲपलची वर्षाला १०० उपकरणांचीच मर्यादा, आणि यादीतून एखादा फोन काढला तरी वार्षिक सदस्यत्वाच्या नूतनीकरणापर्यंत ती जागा मोकळी होत नसे. बिल्डरच्या धाकट्या चिरंजीवांनी त्या वर्षात तीन फोन बदलले!

चाचणीतलं ॲप लोकांच्या फोनवर पोचवणारी टेस्टफ्लाईट ही सेवा तेव्हा ॲपलची नव्हती. नुसत्या लिंकवरून ती यूडीआयडी आपणहून गोळा करायची, त्यामुळे आमचा छळ बराच कमी झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलनं तिची मूळ कंपनीच विकत घेतली, आणि पुढे तर ईमेलवरच्या आमंत्रणावर काम भागू लागलं.

आमचं खरं पोट मात्र भरलं ते दुधानं. गेली काही वर्षं आम्ही गावातल्या दूध संस्थांसाठी अँड्रॉइड ॲप करतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरून दर, आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल. चाचणी करणारे म्हणजे संस्थांचे सचिव. पहिल्यांदा सहा जण तयार झाले. एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप फोनवर चढवायची फाईल, जीमेल घेत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायची, मग फोनवरून सांगायचं, ‘सेटिंगमध्ये जा, अज्ञात स्रोत चालू करा.’ फाईलींची नावं फायनल, फायनल २, नवीन फायनल. कुणाकडे कुठली आहे, हे आम्हालाही ठाऊक नसायचं.

एके दिवशी गडहिंग्लज तालुक्यातून फोन आला. ‘साहेब, तुमचं ॲप लिटरमागं पैसं कमी दाखवतंय. लोक भांडाय लागल्यात.’ त्या गावात आमचं गिऱ्हाईकच नव्हतं. आमच्या एका सचिवांनी कौतुकानं फाईल पाहुण्यांना पाठवली होती, पाहुण्यांनी पुढच्या संस्थेला. आणि ती होती ‘फायनल २’. तिच्यात आम्ही नुसतं तपासायला घातलेलं खोटं दरपत्रक होतं. चूक पूर्ण आमची. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटारसायकलवरून गेलो आणि चार दिवसांच्या नोंदी वहीशी ताडून दुरुस्त करून दिल्या. तेव्हापासून चाचणीच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते, ती संपली की ॲप उघडत नाही. आवृत्तीचा क्रमांक दुधाच्या पावतीवरही छापतो. आता तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न, ‘पावतीच्या खाली काय लिहिलंय?’ जाता जाता सांगतो, ती संस्था पुढे आमची गिऱ्हाईक झाली.

मग गूगल प्लेच्या ‘अंतर्गत चाचणी’कडे वळलो, म्हणजे ॲप सगळ्यांना खुलं न करता निवडक लोकांनाच देण्याची सोय. १०० जणांपर्यंत देता येतं, अद्ययावत आवृत्ती आपोआप पोचते. अडचण अशी की परीक्षकाचा, म्हणजे चाचणी करणाऱ्याचा, जीमेल पत्ता यादीत घालावा लागतो. ‘जीमेल? ते मोबाईलच्या दुकानवाल्यानं घातलंय,’ हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकलं की आमची पोरं सरळ फोन हातात घेऊन प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवायची. तिथे पत्ता दिसतो.

तीन-चार दिवस नीट चाललं की आवृत्ती सगळ्यांना सोडायची, अशी आमची पूर्वी घाई असायची. ३१ तारखेच्या महिन्यानं ती मोडली. बिलं १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेरपर्यंत. म्हणजे तिसरं बिल कधी दहा दिवसांचं, कधी अकराचं, फेब्रुवारीत आठ-नऊचं. आमच्या हिशोबात शेवटच्या दिवसाचं दूध गायब. चाचणीत ती चूक सापडणं शक्यच नव्हतं, कारण आम्ही महिनाअखेरीपर्यंत कधी थांबलोच नव्हतो. आता महिनाअखेरचं एक बिल पार पडल्याशिवाय काहीही सोडत नाही. आणि संकलनाच्या वेळी नवीन आवृत्ती पाठवायची नाही, हा नियम तर भिंतीवर लिहिलाय. रांगेत चाळीस माणसं कॅन घेऊन उभी असताना फोनवर ‘अपडेट होत आहे’ दिसलं, तर सचिवांची अवस्था काय होते, ते मी पाहिलंय.

हल्ली कॉलेजची मुलं येतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले डेव्हलपर खात्यांना ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी सलग १४ दिवस ‘बंद चाचणी’, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, करावी लागते. सुरुवातीला २० परीक्षक लागायचे, आता १२. ‘सर, बारा माणसं मिळतील का?’ माणसं मिळतात हो, पैसे देऊनही मिळतात. पण ती ॲप उघडून बंद करतात. मी मुलांना म्हणतो, ज्याचं काम त्या ॲपवाचून अडतं असा एकच माणूस आधी शोधा.

आमच्याकडे एका संस्थेच्या सचिव बाई आहेत, त्यांना सगळे अक्का म्हणतात. चाचणीची प्रत्येक आवृत्ती पहिल्यांदा त्यांच्याकडे जाते. त्या ॲपमध्ये नोंद करतात आणि शेजारी वहीतही लिहितात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता नवीन परीक्षकाला आवृत्ती देताना वही आणि पेन आम्हीच देतो.