तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या मोटरसायकलची किंमत कशी ठरवायची?

फोनवर फोटो येतो. टाकी चमकत असते आणि खाली एकच प्रश्न: मालक एवढे म्हणतोय, द्यावेत का? कधी जावा असते, कधी येझदी, कधी उजव्या गिअरची बुलेट. यामाहाची आरएक्स 100 तर आठवड्याला एखादी असतेच. फोटोवरून आकडा सांगता येत नाही, पण मी गाडी कशी बघतो ते सांगतो. आधी कागद, मग पत्रा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण गेल्या गेल्या किक मारतात. तो आवाज एकदा कानात बसला की पुढचं काही दिसत नाही.

इंजिन शेवटी, कारण आपण कोल्हापुरात आहोत. इथल्या ज्या कारखान्यांच्या उद्यमनगरानं शेतकऱ्यांच्या विहिरींवर ऑइल इंजिनं नेऊन बसवली, तिथं घासलेल्या सिलेंडरला बोअर मारून मिळतो, आत लाइनर म्हणजे नवी नळी बसते, क्रँक उघडून नवा रॉड टाकून मिळतो, घासलेला शाफ्ट भरून लेथवर परत साइजला येतो. म्हणजे इंजिन कितीही थकलेलं असलं तरी मिस्त्रीला दाखवून खर्चाचा आकडा काढता येतो आणि तो मालकाच्या किमतीतून सरळ वजा करता येतो. म्हैसूरच्या कारखान्यातून जावावर आलेला मडगार्ड मात्र आता कुणी बनवत नाही. नवा ठोकून देतात, चांगलाही देतात, पण तो ओरिजिनल नव्हे, आणि पुढं तुम्ही विकायला काढाल तेव्हा जाणकार गिऱ्हाईक तो लांबूनच ओळखतं.

आणि कागद तर कुठल्याच लेथवर होत नाहीत.

मागं कागल तालुक्यात एका घरी जावा बघायला गेलो होतो. गोठ्याशेजारच्या खोलीत उभी, वर पोती टाकलेली. दोन्ही सायलेन्सर मूळचे, टाकीला गुडघे टेकतात तिथली रबरं जागेवर, किकचाच पाय वळवून गिअर टाकायचा तो लिव्हरही न वाकलेला. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढलं, पानं तंबाखूच्या रंगाची झालेली. नाव त्यांच्या वडिलांचं, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. "गाडी आमचीच हाय की, कोण काय म्हणतंय?" काका म्हणाले. कुणी काही म्हणत नव्हतं, पण काकांना तीन भाऊ आणि दोन बहिणी. गाडी आधी वारसाच्या नावावर चढवायची, म्हणजे 31 नंबरचा फॉर्म आणि बाकीच्यांची संमती. मग 29 आणि 30 वर सह्या करून आपल्या नावावर टीटी, म्हणजे मालकीची बदली. मी काकांना म्हणालो, पैसे तुम्ही म्हणताय तेवढेच देतो, पण नाव चढल्यावर. त्यांनी ते केलं. अशा गाडीला मी भाव पाडून मागत नाही.

चेसी नंबर स्वतः बघा. हँडलखालच्या मानेवरचा ग्रीस, रंग फडक्यानं पुसा, हातातली बॅटरी (टॉर्च) तिरकी धरा. कारखान्यातले आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे बसलेले असतात. आजूबाजूचं लोखंड घासून गुळगुळीत झालेलं दिसलं किंवा एखादा आकडा तिरका बसलेला दिसला, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल आणि बदल नोंदवलेला नसेल, तर माझ्या हिशेबात ती गाडी राहत नाही, सुट्या भागांचा ढीग होतो, आणि पैसेही त्याच हिशेबानं द्यायचे. निपाणी, बेळगावकडची स्वस्त मिळते म्हणून आणाल, तर एनओसी आणि इथला टॅक्स आधी धरा.

आरएक्स 100 च्या बाबतीत सालही बघा. ती 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. आरसीवर 1999 आणि टाकीवर आरएक्स 100 चं स्टिकर असेल, तर खाली दुसरंच मॉडेल उभं आहे.

पत्र्यासाठी खिशात लोहचुंबक ठेवतो, रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही. टाकीवरून फिरवत न्यायचा. जिथं पकड सुटते तिथं खाली पुट्टी भरलेली. टाकीच्या आत बॅटरी मारून गंज बघा. जास्त पावसाच्या गगनबावडा, राधानगरीकडची गाडी असेल तर मडगार्डच्या आतल्या बाजूनं हात फिरवाच. आणि पुराचं विसरू नका. 2019 ला आणि 2021 ला शाहूपुरी, रमणमळ्यात किती गाड्या पाण्याखाली होत्या हे आपण डोळ्यांनी बघितलंय. वरून धुऊन रंगवलेली गाडी ओळखायची तर हेडलाइट उघडा. वायरींच्या जुडग्यात पिठासारखा वाळलेला गाळ सापडतो. तिथंवर पुसायला कुणाचा हात जात नाही.

आता इंजिन. निघताना फोनवर सांगायचं, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी सिलेंडरला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, थंड होईपर्यंत थांबा. गार गाडी कितव्या किकला घेते तेच बघायचंय. जावा, येझदी, आरएक्स 100 ही पेट्रोलबरोबर ऑइल जाळणारी टू-स्ट्रोक इंजिनं, ती सुरुवातीला धूर टाकणारच. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं सील गेलंय, म्हणजे इंजिन उघडावं लागणार. दर बोअरला सिलेंडर रुंद होतो आणि पिस्टन वरच्या मापाचा, म्हणजे ओव्हरसाइज, घालावा लागतो; तो कितव्या ओव्हरसाइजचा आहे तेही विचारा. शेवटच्यावर असेल तर लाइनरचा खर्च धरा.

व्हिंटेज नोंदणीबद्दलही बरेच जण विचारतात. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली गाडीच त्यात बसते, म्हणजे कुठलीही आरएक्स 100 अजून बसत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रोज रंकाळ्याला चक्कर मारायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका, दर पाच वर्षांनी साधं री-पासिंग करत राहा.