वरच्या मजल्यावरचा हरियाल

एमपीएससीचा अभ्यास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून महाराष्ट्राची मानचिन्हं विचारा, प्राणी शेकरू, झाड आंबा, फूल तामण, फुलपाखरू ब्लू मॉर्मन, पक्षी हरियाल, धडाधड उत्तरं येतील. मग विचारा, हरियाल बघितलाय का कधी? तिथं गाडी अडते. शेकरू बघायला लोक मुद्दाम भीमाशंकरला जातात, तामण तर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला जांभळा होऊन उभाच असतो, पण हरियाल म्हणजे बहुतेकांच्या लेखी एका मार्काचा प्रश्न. बरं, लांब कुठंतरी घनदाट जंगलात राहतो म्हणून दिसत नाही म्हणावं तर तसंही नाही. गावातल्या देवळामागच्या पिंपळावर असतो, कॉलेजच्या आवारातल्या उंबरावर असतो, आपण त्याच्याच खाली स्कूटर लावतो आणि सीट खराब झाली म्हणून कावळ्यांना शिव्या घालतो.

दिसत नाही याचं पहिलं कारण अर्थातच रंग. तसं बघायला गेलं तर हा साधा आपल्या पारव्याच्या कुळातला, त्याच्याच अंगापिंडाचा पक्षी, पण पारव्याला कुणीतरी फुरसतीत बसून रंगवलाय असं वाटतं. डोकं राखाडी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्याजवळ फिकट जांभळा ठिपका, मिटलेल्या पंखावर पिवळी रेघ, आणि पाय एकदम हळदीचे. हे पाय महत्त्वाचे, कारण सह्याद्रीच्या दाट झाडीत याची एक बहीण राहते, तिचे पाय लालसर असतात आणि तिच्या जातीतल्या नराची पाठ गडद तांबूस. पायांवर नजर गेली की निम्मं काम होतं. नर-मादी दिसायला जवळपास सारखेच, मादी जरा फिकी. उत्तर भारतातल्या हरियालांचं पोट राखाडी असतं, आपल्याकडच्यांचं खालपर्यंत पिवळसर हिरवं, मला विचाराल तर आपलेच जास्त देखणे.

एवढे रंग असून पानांत गेला की गायब. पिंपळाखाली उभं राहून वर बघत बसायचं, पान, पान, पान, मान दुखायला लागते आणि मग एक पान चालायला लागतं. त्याच्या शेजारी दुसरं. मग कळतं की आख्खा थवा वर बसलाय आणि केव्हाचा आपल्याकडे बघतोय. धोका वाटला की हे पक्षी लगेच उडत नाहीत, आधी जागच्या जागी थिजतात. एकदा मी असाच वर तोंड करून उभा होतो तर वॉकला आलेले एक काका थांबले, म्हणाले, काय हो, पतंग अडकलाय का? म्हटलं नाही काका, हरियाल आहेत. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले पोपट असतील हो, आणि निघाले. ते गेटपर्यंत पोचले नसतील तोवर पंखांचा फडफडाट करत सगळा थवा उडाला, वेग तर असा की बघेपर्यंत समोरच्या बिल्डिंगच्या पलीकडे. काकांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

पण काकांचंही फार चुकलं असं नाही, कारण खाताना हा पक्षी वागतो पोपटासारखाच. बारीक फांदीच्या टोकाला फळ असेल तर सरळ उलटा लटकतो आणि तोडून आख्खं गिळतो. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक हे त्याचं मुख्य जेवण, मधेमधे जांभळं आणि बोरं. या झाडांची एक सोय अशी आहे की सगळी एकाच वेळी पिकत नाहीत, हा वड आज लाल झाला तर पलीकडचा महिन्याभराने, त्यामुळे हरियालांचा थवा पिकलेल्या झाडाच्या मागावर फिरत असतो. पिकलेला वड सापडला की मग विचारू नका. बुलबुल, साळुंक्या, तांबट, कोकीळ, धनेश सगळे तिथंच, रात्री वटवाघळांची पाळी, लग्नाच्या पंगतीत सुद्धा एवढी शिस्तशीर शिफ्ट नसते.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पक्षी फळं खातात आणि झाडं लावतात हे आपल्याला व्हॉट्सॲपने पक्कं पाठ करून दिलंय. बुलबुलाच्या, साळुंकीच्या बाबतीत खरं आहे ते, भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळ त्यांचेच उद्योग. हरियालाचं तसं नाही. त्याच्या पोटात दळण दळायची चांगली मजबूत सोय आहे आणि उंबरातल्या बारीक बियासुद्धा बहुतेक तिथं भरडल्या जातात. म्हणजे ज्या झाडाच्या जिवावर जगायचं त्याची पुढची पिढी पण खाऊन टाकायची, वर राज्यपक्षी म्हणून मिरवायचं! मला तर या हिशोबात त्याची जरा मजाच वाटते. सगळ्यांनीच कशाला उपयोगी असायला पाहिजे.

खाली जमिनीवर मात्र तो सहसा येत नाही. जुने लोक सांगतात की हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरलाच तर पायात काडी धरून उतरतो. काडी मी काही बघितलेली नाही, पाणी प्यायला कधीमधी उतरतो हे खरं, पण रसाळ फळांतून बरंचसं पाणी मिळत असल्यावर रोज खाली यायची गरजही फारशी नसावी. खिडकीतल्या पारव्यांशी तुलना केली तर हा अगदीच वेगळा माणूस. कबुतरखान्यावरून दादरमध्ये केवढा गदारोळ झाला, कोर्टापर्यंत गेलं प्रकरण, आणि त्याच कुळातला हा प्राणी आपल्या दाण्याकडे ढुंकून बघत नाही.

घर बांधण्यात मात्र दोघांचं खानदान एकच. उन्हाळ्याच्या तोंडाशी, साधारण मार्चपासून जूनपर्यंत यांची वीण, आणि घरटं म्हणजे फांदीच्या बेचक्यात आडव्यातिडव्या टाकलेल्या काड्या, इतक्या विरळ की खालून अंडी दिसावीत. सुगरणीने बघितलं तर चक्कर येऊन पडेल. त्यात पांढरी स्वच्छ दोन अंडी, कावळ्याला आमंत्रणच. पण बाकी संसार नर-मादी मिळून करतात, काड्या आणण्यापासून अंडी उबवण्यापर्यंत, आणि पिल्लं झाली की पहिले काही दिवस आईबाप दोघंही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं घट्ट अन्न त्यांना भरवतात. हो, बापसुद्धा. पक्ष्यांत ही सोय फार थोड्यांकडे आहे.

आता या सगळ्याला लागतं काय, तर जुनं मोठं झाड, आणि तेच रस्ता रुंदीकरणात पहिलं जातं. सांगली जिल्ह्यात भोसे गावातला काही शतकांचा वड २०२० मध्ये हायवेची आखणी थोडी सरकवून वाचवला होता, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, पुढे दोनेक वर्षांत तो पावसात आपोआपच कोसळला. पण आखणी सरकवता येते एवढं तरी त्यातून दिसलं. बाकी ठिकाणी वडाच्या बदल्यात डिव्हायडरवर बोगनवेल लागते, तिच्यावर हरियाल येऊन काय खाणार?

बघायचाच असेल तर थंडीत सकाळी लवकर निघा. या वेळी ते पानांत लपत नाहीत, उंच निष्पर्ण फांद्यांवर कोवळं ऊन खात ओळीने बसतात, आणि तेव्हा पाय अगदी साध्या दुर्बिणीतूनही पिवळे दिसतात. आवाज घुटर्र घुं नसतो, मऊ शीळ असते, वरखाली होत जाणारी, चालता चालता कुणीतरी उगाच गुणगुणावं तशी. आधी ती ऐका, मग वर बघा, उलटं केलं तर मान दुखेल.