तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांकडे जास्त दिवस राहायचंय, कोणता व्हिसा काढू?

वडोदऱ्यात कमाटीबागेत सकाळी फिरायला गेलं की कोणीतरी गाठतंच. "तुम्ही दोघं मुलांकडे पाच-पाच सहा-सहा महिने राहून येता, आम्हीही जायचं म्हणतोय, तर जास्तीत जास्त दिवस राहता येईल असा व्हिसा कोणता?" दांडिया बाजारच्या आमच्या भिशीत पण हेच. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, चालताना बोलून बोलून दम लागतो.

मी एजंट नाही हं. बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा कॅलगरीला, त्यामुळे फॉर्म भरून भरून जे कळलं तेवढंच सांगते.

सगळ्यात मोठा घोटाळा "दहा वर्षांचा व्हिसा" या शब्दांत आहे. अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिजिटर व्हिसा आपल्याला बहुतेक वेळा १० वर्षांचा मिळतो, पण त्याचा अर्थ १० वर्षं दार वाजवता येतं, आत किती दिवस बसायचं ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो. साधारण ६ महिने देतात, कधी कमीही देतात. ती तारीख आय-९४ नावाच्या रेकॉर्डमध्ये असते. पासपोर्टवर शिक्का मारला असो नसो, उतरल्यावर दोन-तीन दिवसांत मुलांना सांगून सीबीपीच्या (म्हणजे एअरपोर्टवर पासपोर्ट तपासणारं त्यांचं सरकारी खातं) वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून ती तारीख बघायची आणि प्रिंट काढून फ्रीजवर लावायची. आमच्या सोसायटीतल्या एक काकू व्हिसावरची तारीख बघून निवांत बसल्या होत्या, नातवाचा वाढदिवस झाला की निघू म्हणून, आणि आय-९४ची तारीख नऊ दिवसांपूर्वीच उलटली होती! कोणी काही बोललं नाही, विमानात बसून आल्या घरी, पण एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो व्हिसा बाद होतो, आता पुढच्या वेळी त्यांना परत पहिल्यापासून सगळं करायचंय. १८० दिवसांपेक्षा जास्त झालं तर ३ वर्षं बंदी, एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १० वर्षं. सुनेचं बाळंतपण किंवा असं काही खरंच कारण असेल तर मुदत वाढवून मागता येते, फॉर्म आय-५३९, पण तो आय-९४ची तारीख यायच्या आधी गेला पाहिजे, निदान ४५ दिवस आधी टाका असं तिथलं इमिग्रेशन खातं स्वतःच सांगतं. प्रत्येक वेळी सहा महिने आणि वर सहा महिने असं करायला जाऊ नका, पुढच्या खेपेला ऑफिसर विचारतोच की बाई तुम्ही राहता कुठे.

अमेरिकेच्या व्हिसाच्या इंटरव्ह्यूला आपल्याला मुंबईलाच जावं लागतं, बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), त्यांच्या वकिलातीत. मोबाईल आत नेता येत नाही, आणि बाहेर कुठे ठेवायचा हे आधी ठरवलं नाही तर चहावाल्याच्या हातात द्यावा लागतो (आम्ही दिला, परत मिळाला, पण तो दीड तास माझा जीव चहावाल्यात अडकला होता). ह्यांनी चाळीस कागदांची फाईल केली होती, घराच्या इंडेक्स कॉपीपासून मुलीच्या पगाराच्या स्लिपांपर्यंत, प्लास्टिकच्या कप्प्यांत घालून. खिडकीतल्या मुलीनं एकही कागद मागितला नाही. मराठीत बोलायची सोय होती, तिनं विचारलं, कशासाठी जाताय, मुलगी काय करते, किती दिवस, परत आल्यावर इथे काय करता. हे सांगायला लागले की वडोदऱ्यात आमची तिसरी पिढी, आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत... मी पायावर पाय दिला. त्यांच्या कायद्यात असं आहे की तुम्ही तिथेच राहायला येताय हे ते आधी धरूनच चालतात, तसं नाही हे तुम्ही पटवायचं. म्हणून "नातवाला सांभाळायला जातोय, त्यांना कोणी नाही" असं पहिलंच वाक्य टाकू नका, ते त्यांना नोकरीसारखं ऐकू येतं. आणि खोटंही बोलू नका. मुलीला भेटायलाच जातोय ना, मग भेटायला म्हणा. आधी ८० च्या आसपासच्यांना इंटरव्ह्यूची सूट होती, सप्टेंबर २०२५ पासून ती पण गेली, त्यामुळे मोठ्या आजी-आजोबांना न्यायचं असेल तर व्हीलचेअरचं आधीच बघा.

जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा शिल्लक असेल तर नवीन काढायची गरज नाही, दोन्ही पासपोर्ट रबरबँड लावून बरोबर न्यायचे. हे मला दहा जणांनी विचारलंय.

आता खरंच लांब राहायचं असेल तर त्यातल्या त्यात कॅनडा बरा. त्यांचा सुपर व्हिसा खास आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच आहे, २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा एका वेळी २ वर्षं राहता यायचं, जुलै २०२२ पासून ५ वर्षं. साध्या व्हिजिटर व्हिसावर तिथेही सहाच महिने. पण मुलगा पीआर (तिथला कायमचा रहिवासी) किंवा सिटिझन हवा. आमचा वर्क परमिटवर होता तोवर आम्हाला लागू नव्हता. त्याचं उत्पन्न ठराविक आकड्याच्या वर लागतं आणि गंमत म्हणजे तो आकडा काढताना आपणही त्याच्या घरातली माणसं म्हणून मोजले जातो, तो, सून, नात आणि आम्ही दोघं म्हणजे पाच जणांचं घर. मेडिकल त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच.

आणि इन्शुरन्स. निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर, निदान १ वर्षाचं, आणि नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरलेली पॉलिसी लागते. इथे आमचं अडलं. जायच्या तीन आठवडे आधी डॉक्टरांनी ह्यांची बीपीची गोळी ४० ची ८० केली. मला त्यात काही वाटलं नाही, एका पट्टीच्या जागी दुसरी पट्टी. कॅलगरीहून मुलाने इन्शुरन्सवाल्याला सहज सांगितलं तर तो म्हणाला, डोस बदलला म्हणजे आजार "स्टेबल" नाही, आता पुढचे काही महिने बीपीवरून किंवा हार्टवरून काहीही झालं तर आम्ही देणार नाही. वाढवलाच पाहिजे असं नाही, डोस कमी केला तरी बदलच! इथला एजंट म्हणत होता, "बेन, चिंता ना करो, लखवानुं ज नहीं." नाही लिहिलं आणि काही झालं तर सगळं बिल मुलाच्या डोक्यावर. आम्ही तिकिटं पुढे ढकलली, साडेतीन महिने, दंड भरून. तेव्हापासून मला कोणी व्हिसा विचारला की मी आधी गोळ्या विचारते. अमेरिकेत तर इन्शुरन्सची सक्तीच नाही, म्हणून लोक घेतच नाहीत, आणि घेतला तरी जुने आजार बहुतेक पॉलिसीत नसतात.

बाकीचे देश पटकन सांगते. यूकेचा व्हिसा २, ५, १० वर्षांचा मिळतो पण एका वेळी सहाच महिने. युरोपात शेंगेन (तिथल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, संपलं. ऑस्ट्रेलियाचा ८७० नंबरचा पेरेंट व्हिसा ३ किंवा ५ वर्षांचा असतो, आधी मुलाची स्पॉन्सरशिप मंजूर व्हावी लागते आणि फी ऐकून खुर्चीत बसा. मुलांकडे नाही, असंच राहायचं असेल तर थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा आहे, वय ५० किंवा त्याहून जास्त आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाट, पण आपल्यापैकी कोण जाणार, भाकरीचं पीठ कुठे मिळायचं.

"मग ग्रीन कार्डच घेऊ की, मुलगी सिटिझन आहे," असं म्हणणाऱ्यांना एकच विचारते, इथलं घर बंद करणार आहात का? २१ वर्षांवरच्या सिटिझन मुलांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो, त्यात वर्षानुवर्षांची रांग नसते हे खरं, पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहायला गेलात. इथे वर्षभर राहायचं तर आधी री-एंट्री परमिट (परत आत यायची परवानगी) घेऊन या, आणि ६५ ची झालात तरी मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) लगेच नाही, निदान ५ वर्षं सलग तिथे राहायला लागतं. ओळखीतले एकजण कार्ड टिकवायचं म्हणून दर पाच महिन्यांनी धावतात. गुडघे गेले त्यांचे.

आम्ही काय करतो ते सांगते. एप्रिलच्या शेवटी जातो आणि गणपतीच्या आधी परत. हयातीचा दाखला नोव्हेंबरात इथेच देऊन होतो आणि तिकडचा बर्फ बघायला लागत नाही. चौथ्या महिन्यानंतर मुलीच्या घरात मला कपाटातला माझा एकच खण दिसायला लागतो, आणि ह्यांना पेपर छापील लागतो, त्यामुळे पाच वर्षांचा सुपर व्हिसा असून आम्ही एकदाही सहा महिने पूर्ण केलेले नाहीत.

तुमचं काय ते बघायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी या. पासपोर्ट, मुलाचं स्टेटस काय आहे ते कागदावर लिहून, आणि गोळ्यांची पिशवी. जुनी प्रिस्क्रिप्शन्स पण.