भाच्याच्या बी.पी.एड.चा हिशेब

गेल्या रविवारी माझा भाचा कागलहून आला, तो हातात वही घेऊनच. पाच-सहा वर्षे तालमीत घाम गाळून, खांद्याच्या दुखापतीमुळे कुस्ती सुटल्यावर, त्याने आता बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन क्रीडाशिक्षक व्हायचे ठरवले आहे. बाहेरगावच्या एका खासगी महाविद्यालयात प्रवेश मिळेल, फी, वसतिगृह, मेस, बूट, गणवेश आणि शिबिरे धरून दोन वर्षांना तीन लाख रुपये लागतील आणि तेवढे शैक्षणिक कर्ज काढायचे, असा त्याचा बेत होता. "मामा, तुम्ही हो म्हटलासा की आबा सही करत्यात," एवढेच त्याचे म्हणणे. मी स्वतः याच पेशातला. 1996 साली बी.पी.एड. केले तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता आणि माझ्या वडिलांनी उसाच्या एका बिलातून सगळा खर्च भागवला होता. त्यामुळे माझा अनुभव त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आधीच सांगून टाकले.

वहीच्या पहिल्याच पानावर त्याने 38,600 हा आकडा लिहून त्याभोवती दोन वेळा गोल काढला होता. माध्यमिक शिक्षकाच्या सातव्या वेतन आयोगातील श्रेणीचे ते सुरुवातीचे मूळ वेतन. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. आकडा बरोबर आहे, पण तो पहिल्या दिवशी हातात पडत नाही. अनुदानित शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात आणि 2023 मध्ये वाढ होऊनही माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा 18,000 रुपयेच आहे. शिवाय निवडीसाठी जी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, ती राज्यात 2017, 2023 आणि 2025 या वर्षी झाली. पहिल्या दोन चाचण्यांमधले अंतर पाच वर्षांहून अधिक आहे. बँक मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्ष थांबते आणि हप्ता सुरू करते. चाचणी झाली की नाही, हे ती विचारत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून मांडणी केली. तीन लाख रुपये दोन वर्षांत निम्मे-निम्मे उचलले आणि व्याजदर साडेदहा टक्के धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंतच्या सरळ व्याजाचेच 78,750 रुपये होतात, म्हणजे परतफेड सुरू होते ती 3,78,750 रुपयांपासून. सात वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे 6,390 रुपये, म्हणजे शिक्षणसेवकाच्या मानधनातला एक तृतीयांशाहून मोठा घास, आणि एकूण भरणा पाच लाख छत्तीस हजारांच्या घरात. मुदत दहा वर्षांची केली की हप्ता 5,110 वर येतो, पण भरणा सहा लाख तेरा हजारांवर जातो. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हे ऐकून आबा निर्धास्त झाले होते. सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच असते आणि हप्ता थकला की नोटीसही त्यांच्याच नावाने येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

अनुदानित जागा मिळेपर्यंत करायचे काय, हा खरा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक, म्हणजे तो विषय शिकवणारा, असावा लागतो, पण तो अंशकालीन. माझ्या ओळखीची दोन मुले खासगी शाळांत दहा-बारा हजारांवर सकाळी सातपासून मैदानावर उभी असतात, फक्की मारण्यापासून स्नेहसंमेलनाचे खांब रोवण्यापर्यंत सगळे करतात. मी स्वतः सात वर्षे विनाअनुदानित शाळेत काढली. पहिली दोन वर्षे पगाराच्या जागी संस्थाचालकांचे "बघू" हे उत्तर मिळत असे. माझ्या डोक्यावर कर्ज नव्हते म्हणून मी टिकलो, नाहीतर शिट्टी ठेवून कधीच एमआयडीसीत गेलो असतो.

पदवी घेऊ नकोस, असे मी त्याला म्हणालो नाही. मातीत वाढलेल्या मुलाला मैदानावर जे दिसते, ते इतरांना शिकूनही दिसत नाही, असे माझे मत आहे. तालमीत असताना त्याच्या दुधा-बदामांवर घरच्यांनी किती घातले, ते कोणी मोजले नाही. खुराकाचा हिशेब मांडायची आपल्याकडे रीतच नाही. पण खुराकावर व्याज चढत नव्हते. म्हणून कर्जाचे माप गोल काढलेल्या आकड्यावर न घेता, बारा हजार हातात येत असतानाही फेडता येईल एवढेच घ्यावे, असे मी सुचवले.

त्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि नंतर त्याने वसतिगृह आणि मेसच्या ओळींवर काट मारली. प्रवेशाच्या पुढच्या फेरीत कोल्हापुरातल्याच अनुदानित महाविद्यालयाचा पर्याय आधी भरायचा आणि घरून ये-जा करायची, असे ठरले. कर्ज एक लाख वीस हजारांवर आले, हप्ता सुमारे 2,550 वर. जाताना त्याने वहीच्या तळाशी एक ओळ वाढवली: कागल ते कोल्हापूर, एसटीचा पास.