मिरजेत गाडी बदलताना: दर्गा, सतारी आणि एक गाठोडं

मिरजेला गाडी बदलायची आहे आणि मधे अख्खी दुपार मोकळी आहे, असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, सामान किती? गाव बघायला सोपं आहे. सामानाचं तेवढं बघा.

आम्ही बेळगावकडून सकाळी उतरलो, पंढरपूरची गाडी संध्याकाळची. बरोबर काका. त्यांच्या डोक्यात मिरज अजून तीन रुंदीच्या रुळांचं. १९७१ साली पुणे-कोल्हापूर रूळ मोठे, म्हणजे ब्रॉडगेज झाले, लोंढ्याकडे मीटरगेज राहिली आणि पंढरपूरला जायला बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेजवरची छोटी गाडी. कुठली कुठल्या फलाटाला लागायची हे काका पुलावर उभं राहून सांगत होते आणि मी गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होतो.

गाठोडं काकूनं बांधलेलं. जुन्या लुगड्यात चादरी, वर सुतळी. रेल्वेच्या क्लोकरूमला कुलूप लागेल अशीच बॅग चालते, हा नियम जुना आहे. गाठोड्याला कुलूप कुठं लावणार? म्हणून स्टेशनबाहेरच्या एका लॉजवर गेलो. ‘सामान ठेवले जाईल’ अशी पाटीच होती.

मॅनेजर पेपर वाचत होता. म्हणाला, “ठेवा की. आधार द्या.” मी मोबाईलवर दाखवलं. “झेरॉक्स लागंल.” रस्ता ओलांडून झेरॉक्सवाल्याकडे गेलो, तर लाईट गेलेली. तो म्हणाला, येईल आता. हे ‘आता’ किती लांबतं ते मिरजेत काय आणि आमच्याकडे काय, सारखंच. शेजारी उभ्या उभ्या चहा झाला, दुसरा झाला. लाईट आली, झेरॉक्स घेऊन परत. मॅनेजर म्हणाला, “आणि त्यांची?” काकांकडे बोट. मी म्हटलं, अहो, सामान एक, ठेवणारा मी. “दोघं आलाय न्हवं?” पुन्हा रस्ता ओलांडला.

मग रजिस्टर. नाव, गाव, कोठून आला, कोठे जाणार, येण्याचे कारण. कारणात मी ‘सामान ठेवणे’ लिहिलं. त्यानं वही फिरवून वाचलं, पेन घेऊन खोडलं. “असलं लिहू नका, तपासणी येती. देवदर्शन लिहा.” मी देवदर्शन लिहिलं. त्यावर तो म्हणे, देवदर्शनवाल्यांना रूम घ्यावी लागते, चोवीस तासाची. इथं माझा आवाज चढला. तोवर गप्प बसलेले काका उठले आणि म्हणाले, “मालकांना फोन लावा. म्हणावं, म्हातारा पायरीवर बसून राहणार आहे, गिऱ्हाईक आलं की सगळं सांगणार आहे.” फोन लागला, बोलणं झालं आणि नगाला पन्नास रुपये ठरले. एवढ्या भानगडीनंतर गाठोडं ठेवलं कुठं, तर जिन्याखाली, मोडक्या कूलरवर. कुलूप तिथंही नव्हतंच!

सकाळ तिथंच संपली. त्यामुळे सांगली राहिली. आयर्विन पूल बघायचा होता, १९२९ चा, आणि गणपती मंदिर. काकांना तर विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं त्या गावात नुसतं फिरायचं होतं. सांगली फार लांब नाही, पण वडाप, म्हणजे शेअरची जीप, भरेपर्यंत हलत नाही. हाताशी चार तासांहून कमी असतील तर मिरजेतच राहा.

रिक्षानं दर्ग्याला गेलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचा एवढा मोठा गवई, सवाई गंधर्वांचा गुरू, १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरला आणि तिथंच गेला. उरुसात इथं त्यांच्या नावानं रात्र रात्र गाणं होतं. दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल लागतो, जवळ ठेवा. आमचा गाठोड्यात होता.

तिथून सतारवाल्यांची गल्ली चालत. गाडीची घाई असली तरी ही गल्ली चुकवू नका. एका दुकानात वाळलेले भोपळे आढ्याला टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. खाली एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होता, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासत होता. घोडीवर कानशीचे दोन हात, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. मग तारेखाली दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, “मिळालं की,” आणि कानस उचलली.

जेवायला काकांना त्यांच्या वेळचंच हॉटेल हवं होतं. नाव आठवेना, खूण एकच, संगमरवरी टेबलं. ते सापडलं नाही. असं हॉटेल शोधायचं तर मोबाईलमध्ये नको, दुपारी पेपर वाचत बसलेल्या दुकानदाराला विचारा. आम्हाला एकानं मंडईच्या बाजूला पाठवलं. लाकडी बाकडी, भिंतीवर देवांच्या तसबिरी, दर खडूनं लिहिलेले. कट वडा घेतला, वर उप्पीट. कट जाळ! काकांनी वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली आणि ‘आमच्या वेळचा जास्त तिखट होता’ हेही सांगून झालं. भडंग तिथूनच बांधून घेतलं.

आणखी एक. लॉजवर सामान ठेवलंच, तर गाडीच्या तासभर आधी परत या. आम्ही गेलो तेव्हा मॅनेजर जेवायला गेला होता आणि पोऱ्या पावती मागत होता. पावती? ती दिलीच नव्हती. काका सरळ जिन्याखाली गेले, सुतळीची गाठ ओळखली आणि गाठोडं उचलून चालायला लागले. पोऱ्या मागून म्हणाला, “काका, रजिस्टरला सही राहिली.” ती राहिली ती राहिलीच.